तिसरी फुली

आमच्या बेटावर जून म्हणजे थंडी, आणि जून सरत आला की बों अक्योय गावाच्या बसमध्ये खिडकीशी बसणाऱ्याची पंचाईत होते. खिडकी उघडावी तर गार वारा आणि उसाच्या पाचटाची कुसळं तोंडावर येतात, बंद करावी तर सगळ्यांच्या ओलसर स्वेटरांचा वास आत कोंडतो. मी उघडी ठेवते. शेजारची बाई डोळे वटारते, मी बाहेर बघते. आठवडाभर बो बासें शहरातल्या ऑफिसात फायली आणि टाइपरायटर यांच्यामध्ये घुसमटल्यावर शनिवारी आईकडे जाताना तरी मला माझ्या गावाची हवा हवी असते, आणि तिच्यासाठी मी कुणाशीही भांडायला तयार असते.

ऊस तुऱ्यावर आलेला असतो. करड्या-गुलाबी तुऱ्यांचं ते पसरलेलं रान, मधूनमधून शेतातून वेचून रचलेल्या काळ्या दगडांच्या राशी, आणि लांबवर कारखान्याच्या धुराड्यातून निघणारा धूर. कारखाना सुरू झाला की मळीचा वास गावभर होतो. बाहेरून आलेल्यांना त्यानं मळमळतं. मला भूक लागते. लहानपणी हा वास सुटला की आई पहाटे उठून फराटे लाटायची, बाजूला टोमॅटोचा तिखट रस्सा, रुगाय, रटरटत असायची, आणि तोडणीला निघालेली माणसं अंगणात उभ्यानंच खाऊन जायची. पोटाला ती सवय लागली ती लागलीच.

या वासाबरोबर मला दर वर्षी एकच हंगाम आठवतो. सत्तरचं दशक संपून ऐंशीचं नुकतं लागलं होतं, मी सतरा वर्षांची होते, आणि त्या वर्षी आमचा माणूस पडला.

आमचा माणूस म्हणजे वकीलसाहेब. ते मराठी नव्हते, आमच्या गावचेही नव्हते, पण पार्टी त्यांची होती आणि आमच्या भागातूनच ते दर वेळी निवडून यायचे. पार्टीची निशाणी कंदील. गावच्या शाखेचे अध्यक्ष माझे बाबा. त्यामुळे निवडणूक लागली की आमचा व्हरांडा आमचा राहायचा नाही. बाकं मांडली जायची, झेंडे शिवले जायचे, आणि आईला दिवसभर व्हॅनिलाचा चहा उकळत ठेवावा लागायचा. आई कुरकुरत नसे असं मी म्हणणार नाही. ती भांड्यांशी बोलायची, आणि भांडी मोठ्यानं उत्तर द्यायची.

पुढे मी शिकायला पुण्याला गेले, तेव्हा तिथल्या मैत्रिणींना आमची निवडणूक समजावून सांगताना माझी दमछाक व्हायची. आमच्याकडे एका मतदारसंघातून एक नाही, तिघं निवडून जातात. म्हणून प्रत्येकानं तीन फुल्या करायच्या. करायच्याच. दोन करून तिसरी राखून ठेवली तर मतपत्रिका बाद. प्रत्येक पार्टी तीन उमेदवार उभे करते आणि गावोगाव ओरडत फिरते, तिन्ही फुल्या आम्हालाच द्या. दोन इकडे आणि एक तिकडे असं करणाऱ्याला क्रिऑलमध्ये, म्हणजे बेटावरच्या सगळ्यांच्या बोलीत, ‘कुपे-त्रांशे’ म्हणजे कापून तुकडे करणारा म्हणतात. निवडणुकीच्या दिवसांत हा शब्द शिवीसारखा वापरला जायचा. बाबा व्हॅनवरच्या लाउडस्पीकरमधून तो इतक्यांदा म्हणायचे की आमच्याकडे पोपट असता तर तोही शिकला असता.

त्या वर्षी घोटाळा असा झाला की समोरच्या पार्टीनं गुरुजींना तिकीट दिलं.

गुरुजी आमचे. म्हणजे मराठी, आणि नुसते मराठी नाहीत, आमच्या सगळ्या वस्तीला मराठी शिकवणारे. देवळाशेजारी टिनाची एक लांब खोली होती, तिला आम्ही बैठका म्हणायचो. भजन तिथेच, लग्नाच्या बोलाचाली तिथेच, आणि संध्याकाळी मराठीचा वर्गही तिथेच. गुरुजी त्यासाठी रिव्हिएर दू रांपारहून सायकल मारत यायचे. टिनावर पाऊस ताड ताड वाजायला लागला की त्यांचं बोलणं ऐकू यायचं नाही, मग ते नुसते फळ्यावर लिहायचे आणि आम्ही नुसते वाचायचो. घरी आमची जी मराठी होती ती आजोबा-पणजोबांनी कोकणातून बोटीनं या बेटावर आणलेली, निम्मी क्रिऑलमध्ये भिजलेली. कागदावरची मराठी मला गुरुजींनी दिली. आज मी हे लिहिते आहे ते त्यांच्यामुळे, हे सांगायला मला कुणाची चोरी नाही.

तर हे गुरुजी समोरून उभे राहिले आणि वस्ती गप्प झाली. वर्गाला पोरं जात राहिली, गुरुजी शिकवत राहिले, राजकारणाचा शब्द त्यांनी तिथे काढला नाही. व्हरांड्यात मात्र बाबांचा आवाज चढला. तिन्ही फुल्या कंदिलाला, भावकी घरी ठेवा, असं ते प्रत्येकाला दटावत होते. सगळे माना डोलवायचे. येसूमावशी, म्हणजे आमच्या मागच्या घरातली म्हातारी, जिच्या तोंडाला सगळी वस्ती वचकून होती, ती तर छातीवर हात मारून सांगायची की माझ्या तिन्ही फुल्या कंदिलाच्याच, वकीलसाहेबांना काय धाड भरलीय, ते येणारच.

ते येणारच. हे वाक्य त्या दिवसांत गावात इतक्या जणांनी उच्चारलं की त्याचा अर्थ काय होतोय याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

मतदानाचा दिवस थंड होता. शाळेच्या पटांगणात बायका डोक्यावरून शाली घेऊन रांगेत उभ्या होत्या. बाबा मत देऊन आले ते शीळ घालत. आईनं मत देऊन आल्यावर तांदूळ निवडायला घेतले आणि दिवसभर एक अक्षर काढलं नाही. दुसऱ्या दिवशी रेडिओभोवती आमचा व्हरांडा गच्च भरला होता. आमचे दोन उमेदवार आले, हे दोघे म्हणजे वकीलसाहेबांच्या मागे हात बांधून उभी राहणारी माणसं, त्यांची नावंही लोकांना धड सांगता यायची नाहीत. तिसरे आले गुरुजी. वकीलसाहेब चौथे. थोडक्यात पडले.

बाबांनी रेडिओ बंद केला आणि पुन्हा चालू केला. निवेदक दुसऱ्याच कुठल्या तरी भागाबद्दल बोलत होता. व्हरांड्यातली माणसं एकेक करून उठली, चपला शोधायला लागली. दारात झेंड्यांचा गठ्ठा पडला होता, तो ओलांडून गेली. आईनं चहाचं पातेलं उतरवलं आणि सगळा चहा आंब्याच्या झाडाच्या बुंध्याशी ओतून दिला.

दोन दिवस कुणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी सगळे बोलायला लागले, आणि सगळ्यांनी एकच नाव घेतलं.

गोविंदकाका. बाबांचे लहानपणापासूनचे सोबती, शेताला शेत लागून. त्यांच्या बायकोचं, सीताकाकीचं माहेर रिव्हिएर दू रांपारला, आणि गुरुजी तिचे सख्खे भाऊ. आता याहून जास्त पुरावा कुणाला हवा होता? मेव्हण्यासाठी गोविंदानं साहेबांचा गळा कापला, आणि एकट्यानं नाही, आणखी चार जणांना फितवलं, असं गावातल्या चिनी माणसाच्या किराणा दुकानाच्या पायरीवर ठरून गेलं. गोविंदकाका साखर-तेल घ्यायला गेले की पायरी रिकामी व्हायची. त्यांनी बचाव केला नाही. नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. पिशवी खांद्यावर टाकून सरळ घरी जायचे. लोकांना वाटलं, हाच कबुलीजबाब.

मला तेव्हा पार्टीचं फारसं काही वाटत नव्हतं, खरं सांगायचं तर व्हरांडा मोकळा झाला म्हणून बरंच वाटलं होतं. पण त्याच आठवड्यात तोडणी सुरू झाली.

आमच्या गावात छोट्या शेतकऱ्यांची तोडणी कुदमेंनं चालायची. आज सगळ्यांनी मिळून माझा ऊस तोडायचा, उद्या सगळ्यांनी मिळून तुझा. मजुरी नाही, नुसता हात द्यायचा आणि हात घ्यायचा. कारखाना प्रत्येकाला दिवस ठरवून देतो, त्या दिवशी ऊस लॉरीत चढलाच पाहिजे. नाही चढला तर दिवस गेला, मग शेवटी कधी तरी नंबर लागेपर्यंत ऊस वाळत उभा. गोविंदकाकांच्या पाळीचा दिवस आला आणि त्यांच्या बांधावर कुणी गेलं नाही.

त्या दिवशी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. तोडणीचा आवाज आम्हाला पाठ असतो, खूप कोयते एकदम चालले की तो आवाज सलग येतो, त्यात हसणं असतं, शिव्या असतात, कुणी तरी गात असतं. त्या दिवशी नुसते दोन कोयते. एक काकांचा आणि एक काकीचा. एक थांबायचा, मग दुसरा थांबायचा. दुपारी लॉरी आली आणि जेमतेम पाव भाग भरून परत गेली.

मी बाबांना म्हटलं, तुम्ही तरी जा. ते म्हणाले, तुला काही कळत नाही. मी म्हटलं, तुम्ही गेलात तर बाकीचे येतील. त्यांनी माझ्यावर हात उगारला नाही, पण ज्या नजरेनं बघितलं ती मला अजून आठवते. ताटावरून उठले आणि मागच्या दारात जाऊन उभे राहिले. त्यांचं जेवण तुटलं होतं. रात्री खोकत बसायचे. मला त्यांची लाज वाटायची. ज्या माणसानं लहानपणी काकांच्या खांद्यावर बसून जत्रा बघितली, तो माणूस आता बांधापलीकडे बघायला तयार नव्हता. आई मधे पडत नव्हती, हे तर मला अजिबातच कळेना. एरवी ती बाबांना असं सोडत नसे.

इकडे पार्टीची अवस्था त्याहून वाईट. पेपरात रोज काहीतरी यायचं. निवडून आलेले ते दोघे सरकारात जाणार. नाही, एकच जाणार. वकीलसाहेब आजारी आहेत. नाही, ते पार्टी मोडून परदेशी लेकीकडे जाणार. बाबा पेपर वाचून घडी घालून ठेवायचे आणि पुन्हा उघडायचे. शेवटी निरोप आला की साहेब स्वतः येतायत, बैठक्यात सभा घ्या. बरोबर पार्टीचे सेक्रेटरी येणार होते. ज्यानं दगा दिला त्याला आधी पार्टीतून काढायचं आणि मग शाखा ठेवायची की बंद करायची ते ठरवायचं, असं सेक्रेटरींनी कळवलं होतं. पार्टीतून काढलं म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला एक आणि आम्हाला एक. आमच्याकडे त्याचा अर्थ होता की हे दोन कोयते कायमचे दोनच राहणार.

रविवारची दुपार होती. गणपती तोंडावर आले होते, बैठक्याच्या कोपऱ्यात मातीची मूर्ती ओल्या फडक्याखाली वाळत ठेवली होती, अजून रंग नव्हता. पुरुष बाकांवर, बायका चटयांवर. मी दाराशी. वकीलसाहेब आले तेव्हा मला आधी ओळखूच आले नाहीत. कोट तोच होता, आतला माणूस कमी झाला होता. बाबा हार घेऊन पुढे झाले तर त्यांनी हातानंच नको म्हटलं आणि पुढच्या बाकावर एका टोकाला जाऊन बसले. हरलेल्या माणसाला कुठे बसावं हेही नव्यानं शिकावं लागतं, असं मला वाटून गेलं.

सेक्रेटरी तरुण होते, तावातावानं क्रिऑलमध्ये बोलले. या गावानं पार्टीला मारलं. इतर सगळीकडे साहेबांना मतं मिळाली, इथे मिळाली नाहीत. दोघांना मिळतात आणि तिसऱ्याला मिळत नाहीत म्हणजे काय, म्हणजे ठरवून कापलंय. मग त्यांनी गोविंदकाकांचं नाव घेतलं आणि उभं राहायला सांगितलं.

काका उभे राहिले. हात मागे. खिडकीतून बाहेर बघत होते. सेक्रेटरींनी विचारलं, काही सांगायचंय? काकांनी मान हलवली, नाही. बायकांच्या बाजूला सीताकाकी पदर तोंडात धरून बसली होती. मला वाटलं, आता मीच ओरडते. काय ओरडणार होते कुणास ठाऊक.

तेवढ्यात बाबा उठले. पार्टीच्या सभेत ते कायम क्रिऑल बोलायचे, अगदी ऐटीत. त्या दिवशी मराठीतच बोलले, आमच्या घरच्या मराठीत, आणि बोलताना गोविंदकाकांकडे बघत होते.

“म्या दिली एक गुरुजींना. गोविंदाला कशाला उभं केलंय? म्या दिली.”

वकीलसाहेबांना मराठी कळत नव्हती. त्यांनी सेक्रेटरींकडे बघितलं, सेक्रेटरींनी बाबांकडे, काय म्हणालात? मग बाबांना तेच सगळं पुन्हा क्रिऑलमध्ये सांगावं लागलं. पहिल्यांदा सांगताना ते नीट उभे होते. दुसऱ्यांदा सांगताना त्यांचा आवाज फुटला. त्यांनी सांगितलं, की माझ्या पोरीला या माणसानं लिहायला शिकवलं, मला वाटलं त्याला एक फुली मी देणं लागतो, आणि साहेब, तुम्ही तर येणारच होता. म्हणून तुमच्यातली काढून त्याला दिली. लाउडस्पीकरवर मी ओरडत होतो ते खरंच होतं, पण आत गेल्यावर हात तिकडे गेला.

ती फुली माझ्यासाठी गेली होती. माझ्या पाटीसाठी, माझ्या बाराखडीसाठी. आणि मी महिनाभर या माणसाशी फटकून वागत होते.

“मो ओसी,” बायकांमधून आवाज आला. मी पण. येसूमावशी. बसल्या जागेवरून, जरा घुश्शातच, जणू तिला कुणी आधी विचारलं नाही याचाच राग. मग बाकावरून कुणी तरी तेच म्हणालं. मग मागून. मग दोघं एकदम. कुणी मान खाली घालून, कुणी छताकडे बघत. मो ओसी, मो ओसी. ज्यांनी चिनी दुकानाच्या पायरीवर गोविंदकाकांना सगळ्यात मोठ्यानं शिव्या घातल्या होत्या, ते तर रांगेनं उठले. आणि शेवटी माझी आई. ती उठली नाही, फक्त म्हणाली की मी पण, आणि निवडलेल्या तांदळाबद्दल बोलावं तसं शांतपणे चटईची काडी मोडत बसली. तेव्हा मला कळलं ती मधे का पडत नव्हती.

देवळातल्या मोठ्या जेवणाला प्रत्येकाला वाटतं मीठ दुसऱ्यानं घातलं असेल, तशी गत झाली होती. साहेब येणारच, मग माझी एक फुली गेली तर काय बिघडतं? सगळ्या वस्तीनं हेच मनात म्हटलं, आणि सगळ्या वस्तीनं महिनाभर आपलं ते एकट्याचं पाप समजून दाबून ठेवलं. बोलल्यावर चेहरे कसे सैल झाले ते मी दारातून बघत होते. माणसं एकमेकांकडे चोरून बघत होती, तू पण? अरे, तू पण? एक-दोघांना हसू आवरेना. मला आधी राग आला आणि मग इतकं हलकं वाटलं की मी दाराबाहेर जाऊन डोळे पुसून आले.

सेक्रेटरी काही बोलणार होते, वकीलसाहेबांनी त्यांचा हात धरून खाली बसवलं. पाणी मागितलं. पूर्ण गडवा प्यायले. मग हळू विचारलं, म्हणजे माझ्यावर राग नव्हता? बाबा म्हणाले, राग कशाचा साहेब, आम्हाला वाटलं तुम्ही येणारच.

“महिनाभर मी झोपलो नाही, भिवाजी,” साहेब बाबांना म्हणाले. “मी या लोकांचं काय वाईट केलं, हेच शोधत होतो.”

त्यांनी कोटाची बटणं सोडली आणि पहिल्यांदा बाकाला पाठ टेकली. त्यांचा चेहरा बघून मला पार्टीबद्दल पहिल्यांदाच काही तरी वाटलं. निवडणूक हरल्याचं दुःख वेगळं, आणि आपण कुणालाच नको झालो हे दुःख वेगळं. दुसरं त्यांच्या छातीवरून उतरलं होतं, आणि पहिलं त्यांना पेलता येण्यासारखं होतं.

गोविंदकाका अजून उभेच होते. सगळे त्यांना विसरले होते. साहेबांनी त्यांच्याकडे बघून विचारलं, आणि तुम्ही? आता सांगायला काय हरकत आहे, सगळ्यांनीच सांगितलंय.

काकांनी बायकांच्या बाजूला एकदा बघितलं.

“तिन्ही कंदिलाला,” ते म्हणाले.

मग चटईवरून सीताकाकी उठली. लहानखुरी बाई, पण त्या क्षणी ती बैठक्याएवढी दिसली. तिनं नवऱ्याला विचारलं, मतदानाच्या संध्याकाळी मला काय सांगितलं होतंत? काका पुन्हा खिडकीकडे बघायला लागले. त्यांनी तिला सांगितलं होतं, की एक फुली तुझ्या भावाला दिली. दिली नव्हती. शब्द पार्टीला दिलेला होता, तो त्यांनी पाळला, आणि घरात मात्र खोटं बोलले. आता गावासमोर खरं सांगावं तर ते बायकोच्या कानावर जाणार. म्हणून या माणसानं गावाचा दगाबाज होणं पत्करलं, ऊस वाळू दिला, पण तोंड उघडलं नाही. बाबांनी नंतर विचारलं, अरे नुसतं मला तरी कानात सांगायचंस. काका म्हणाले, तुझ्या कानात सांगितलेलं कधी राहिलंय?

काकी आधी रडणार असं वाटलं. पण ती वळली आमच्याकडे, सगळ्या वस्तीकडे.

“म्हंजे माझ्या भावाला तुमी निवडून आणलात, आनि शिव्या आमी खाल्ल्या?”

येसूमावशीसुद्धा मान खाली घालून हातातल्या बांगड्या मोजायला लागली, आणि हे मी आयुष्यात एकदाच बघितलं. काकीनं पदर खोचला आणि सांगितलं, की उद्या पहाटे सगळ्यांनी कोयते घेऊन माझ्या बांधावर यायचं. चहा मी देईन, फराटे आपापल्या घरून आणा, मी कुणासाठी लाटणार नाही. मग साहेबांना म्हणाली की तुम्हीही घरी जा, झोपा, तुमची तब्येत चांगली दिसत नाही. साहेबांना बाबांनी भाषांतर करून सांगितलं. साहेब उठले, तिला हात जोडले. जाताना गाडीच्या दारात उभं राहून त्यांनी बाबांना सांगितलं, की शाखा बंद करायची नाही आणि पार्टीही बंद करायची नाही, मी आज ती मोडायलाच आलो होतो. सेक्रेटरी तोंड आंबट करून गाडी सुरू करत होते.

ती पहाट मला नीट आठवते. दव इतकं की पाती हाताला ओली लागत होती. धुक्यात आधी नुसते आवाज आले, चपलांचे, खोकल्याचे, कुणाच्या तरी कोयत्याला दगडावर धार लावण्याचे. मग सगळे कोयते एकदम चालू झाले आणि तो जुना सलग आवाज परत आला. मी मोळ्या बांधत होते आणि ऐकत होते. बाबा आणि गोविंदकाका शेजारशेजारच्या सऱ्यांत होते. दुपारपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. मग काकांनी बाबांना सांगितलं की तू बुडखा वर सोडतोयस, खालून तोड. बाबा म्हणाले, तू तुझं बघ. मला एवढं बरं वाटलं की मी उगाचच एक मोळी दोनदा बांधली. काकीनं चहा सगळ्यांना दिला, साखर घालून दिला, आणि नवऱ्याला सगळ्यात शेवटी, उरलेला, गार. तो त्यांनी मुकाट्यानं प्यायला.

कारखान्यानं त्यांना दुसरा दिवस दिला होता, थोडा उशिराचा. ऊस गेला. थोडा उतारा कमी आला, पण गेला. त्या वर्षी गणपतीला बैठक्यात झाकरीचा फेर धरून नाचताना टिन हलत होतं. आमचे गुरुजी आता पार्लमेंटात बसायला लागले होते, आणि त्याचा परिणाम असा झाला की आमचा वर्ग बंद पडला. ज्यांनी शिकवलं म्हणून मत दिलं, त्यांना मत देऊनच आम्ही घालवलं होतं. येसूमावशी हे मोठ्यानं म्हणाली, तेव्हा गुरुजींच्या कानावर गेलं असावं. पुढच्या महिन्यात ते एका रविवारी सुटाबुटात सायकलवरून आले आणि फळा पुसायला लागले. ते दोन विजयी उमेदवारही शेवटी कुठे गेले नाहीत. साहेब बाहेर राहून पार्टी चालवत राहिले, आणि लोक म्हणतात की तेव्हा त्यांनी जेवढी चालवली तेवढी आत असताना कधी चालवली नव्हती. आमचा व्हरांडा पुन्हा भरायला लागला. आई पुन्हा भांड्यांशी बोलायला लागली.

ते सरकार काही फार टिकलं नाही. दोन वर्षांत परत निवडणूक लागली, परत थंडीत. या वेळी मला मत होतं. मी तिन्ही फुल्या कुणाला केल्या ते सांगणार नाही, त्यासाठीच तर पडदा लावतात. पण गावानं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. गाव घाबरलेलं होतं. साहेब परत पडले तर तोंड दाखवायला जागा नाही, म्हणून प्रत्येकानं पहिली फुली साहेबांना केली, अगदी दाबून. आणि त्यांचे ते दोघे जोडीदार? ते तर मागच्या वेळी आलेच होते. ते काय, येणारच.

साहेब सगळ्यांत वर आले. गुरुजीही आले, आणि तिसरा त्यांच्याच पार्टीचा कुणी तरी. साहेबांचे ते दोघे जोडीदार पडले.

निकाल ऐकून बाबा डोक्याला हात लावून बसले आणि मग हसायला लागले. हसत हसतच उठले आणि बांध ओलांडून गोविंदकाकांकडे गेले. मी मागोमाग गेले. काका अंगणात कोयत्याला धार लावत होते, आत काकी लाटत होती, पोळपाटाचा आवाज येत होता. बाबा त्यांच्या शेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, “गोविंदा, या येळेला म्या तिन्ही कंदिलाला दिल्या. देवाशपथ. आपण दोघंच असू.”

काकांनी आत बघितलं आणि आवाज खाली आणला.

“म्या न्हाय. या येळेला म्या एक गुरुजींना दिली,” ते म्हणाले. “पर ही इश्वासच ठेवत न्हाय.”